रसद आणि रण : ब्रह्मदेशच्या मोहिमेचा धडा



दुसऱ्या महायुद्धाचे नाव निघाले की आपल्यापुढे रोमेल येतो, मॉन्टगोमेरी येतो, स्टालिनग्राडचा वेढा आणि नॉर्मंडीचा किनारा येतो. या रणांगणांवर ग्रंथांचे ढीग पडले आहेत. परंतु जी मोहीम आपल्या उंबरठ्यावर, मणिपूर आणि नागा टेकड्यांत लढली गेली, जिच्यातील बहुसंख्य शिपाई आपलेच होते, त्या ब्रह्मदेशच्या मोहिमेविषयी आपण फारसे बोलत नाही. तिथे लढणारे शिपाईच त्या काळी स्वतःला 'विसरलेली फौज' म्हणवून घेत. आज या फौजेविषयी आणि तिच्या सेनापतीविषयी चार गोष्टी आपल्यापुढे ठेवाव्यात, असा माझा विचार आहे.

सगळ्या लढायांची जंत्री मी देणार नाही. मला एकाच प्रश्नाचा मागोवा घ्यायचा आहे. १९४४ साली एकाच डोंगराळ मुलखात, एकाच पावसात दोन सेना एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. दोन्हीकडचे शिपाई शूर होते. जपानी शिपाई तर शौर्यात कुणालाही हार जाणारा नव्हता. असे असता एक सेना तीन-चार महिन्यांत उपासमारीने आणि रोगराईने मातीला मिळाली, आणि दुसरी त्याच काळात अधिक बळकट झाली. हे कशामुळे झाले?

आपल्या लोकांना या प्रश्नाचे उत्तर नवे वाटू नये. पानिपतावर भाऊसाहेबांची फौज अडीच महिने अडकून पडली, अब्दालीने रसद तोडली, गोविंदपंत बुंदेले मारले गेले, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी जे वीर रणात उतरले ते उपाशी पोटी उतरले. त्या दिवशीच्या पराक्रमाचे पोवाडे आपण ऐकतो; आधीच्या उपासाचा हिशेब मात्र क्वचितच मांडतो. ब्रह्मदेशची मोहीम म्हणजे हाच हिशेब मांडायला शिकलेल्या एका सेनापतीची कहाणी आहे.

त्या सेनापतीचे नाव विल्यम स्लिम. १८९१ साली ब्रिस्टलजवळ त्याचा जन्म झाला. बापाचा धंदा बुडालेला, घरची स्थिती बेताची. तरुणपणी त्याने प्राथमिक शाळेत मास्तरकी केली, नळ्या बनविणाऱ्या एका कारखान्याच्या कचेरीत कारकुनी केली. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले म्हणूनच तो सैन्यात अधिकारी होऊ शकला. गॅलिपोलीत तो जखमी झाला, मेसोपोटेमियात लढला, आणि पुढे हिंदी सैन्यात येऊन गुरख्यांच्या पलटणीत रुजू झाला. पगार पुरेना, म्हणून टोपणनावाने मासिकांतून गोष्टी लिहून त्याने संसाराला हातभार लावला. ज्याने महिनाअखेरीची ओढाताण स्वतः अनुभवली आहे, त्याला फौजेच्या शिध्याचे महत्त्व शिकवावे लागत नाही, असे मला वाटते.

मार्च १९४२ मध्ये स्लिमला ब्रह्मदेशात पाठविण्यात आले, ते जवळजवळ हरलेल्या डावावर. फेब्रुवारीत सितांग नदीवरचा पूल शत्रूच्या हाती पडू नये म्हणून उडवावा लागला होता, आणि तोही आपल्या दोन ब्रिगेडी पलीकडच्या तीरावर असताना! मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात रंगून पडले. समुद्राकडची वाट बंद झाल्यामुळे जे काही यायचे ते हिंदुस्थानातून डोंगर ओलांडून यायचे. आणि त्या डोंगरांतून तेव्हा धड रस्ताही नव्हता. स्लिमच्या वाट्याला आले ते सुमारे ९०० मैल मागे सरणे. इतकी लांब माघार ब्रिटिश सैन्याच्या इतिहासात दुसरी नाही. त्याच वाटांनी ब्रह्मदेशातील लाखो हिंदी माणसे, व्यापारी, हमाल, कारकून, बायकामुले, पायी निघाली होती. त्यांतली हजारो वाटेतच पटकीने, तापाने आणि भुकेने गेली.

मे महिन्यात, पाऊस कोसळू लागला असता, ही फौज इम्फाळच्या मैदानात उतरली. अंगावर चिंध्या, पोटात ताप. पण हातात हत्यार होते आणि पलटणीची शिस्त मोडलेली नव्हती. त्यांच्यासाठी तंबूंची आणि पांघरुणांची धड व्यवस्थाही झालेली नव्हती. 

पराभूत सेनापती बहुधा दोनपैकी एक करतो : तो दुसऱ्याला दोष देतो किंवा दैवाला. स्लिमने तिसरी गोष्ट केली. आपण का हरलो याचा त्याने शांतपणे विचार केला. जपानी सेना रस्ता सोडून जंगलात शिरे, वळसा घालून पिछाडीला येई आणि रस्ता अडवून बसे. आपले सैन्य मोटारींना आणि रस्त्याला बांधलेले. मागचा रस्ता बंद झाला की शिपायाचे धैर्य खचे आणि तो माघारी वळे. १९४२च्या डिसेंबरात अराकानमध्ये जी चढाई सुरू झाली, तिचेही पुढच्या मे महिन्यापर्यंत असेच पानिपत झाले, आणि तेव्हा तर संख्याबळ आपल्या बाजूला होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये चौदावे सैन्य उभे झाले व स्लिमला त्याचे आधिपत्य मिळाले. तेव्हा त्याच्यापुढचा पहिला शत्रू जपानी नव्हताच. तो होता डास.

आपल्याला हसू येईल, पण आकडे ऐका. १९४३ साली या आघाडीवर एक जखमी शिपाई मागे पाठवावा लागे, तेव्हा सुमारे १२० शिपाई आजारी म्हणून मागे जात. हिवतापाचे वार्षिक प्रमाण सैन्याच्या एकूण संख्येच्या ८४ टक्क्यांपर्यंत गेले होते. याच हिशेबाने चालले असते, तर जपान्यांनी एक गोळीही झाडण्याची गरज नव्हती. स्लिमने दोन गोष्टी केल्या. आजाऱ्याला शेकडो मैल मागे हिंदुस्थानात धाडण्याऐवजी आघाडीपासून थोड्याच मैलांवर हिवतापाचे दवाखाने उघडले. त्यामुळे जो शिपाई महिनोन्‌महिने परत येत नसे तो काही आठवड्यांत पलटणीत दिसू लागला. दुसरे म्हणजे मेपाक्रिनच्या गोळ्या. गोळी घेतल्याने पुरुषत्व जाते अशी अफवा पसरली होती, म्हणून शिपाई ती टाळीत. स्लिमने एखाद्या पलटणीची अवचित तपासणी करवावी, आणि ठराविक प्रमाणापेक्षा कमी जणांच्या रक्तात औषध आढळले तर त्या पलटणीच्या प्रमुखालाच घरी पाठवावे. असे तीनच अधिकारी काढावे लागले. बाकीच्यांना अर्थ समजला. १९४५ पर्यंत आजाराचे प्रमाण दररोज हजारी एकावर आले.

दुसरा प्रश्न अन्नाचा. या फौजेत ब्रिटिश, गुरखे, पंजाबी, पठाण, मद्रासी, मराठे, पुढे आफ्रिकेतील पलटणी, असे नाना देशांचे आणि धर्मांचे लोक होते. कुणाला गोमांस वर्ज्य, कुणाला डुकराचे, कुणाला सगळेच मांस वर्ज्य. कुणाला आटा हवा, कुणाला तांदूळ. म्हणजे शिधाही अनेक प्रकारचा. सामान यायचे ते ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील अरुंद रेल्वेने. त्या खात्याचा प्रमुख स्नेलिंग याने आघाडीमागे भाजीपाल्याची शेतेसुद्धा लावली. आघाडीवरच्या तुकड्यांना अर्धा शिधा देण्याची पाळी आली, तेव्हा स्लिमने आपल्या मुख्य ठाण्यावरही अर्धाच शिधा सुरू केला. कचेरीतल्या साहेबांच्या पोटात कावळे ओरडू लागले की कागद लवकर हलतात, हे त्या जुन्या कारकुनाला ठाऊक होते.

तिसरा प्रश्न रस्त्याचा. रस्ता नसेल तर आकाशातून रसद टाकावी. पण त्यासाठी हवाई छत्र्या हव्यात, आणि त्या मिळेनात. युरोपच्या आघाडीची मागणी पुरी झाल्यावर उरेल ते या विसरलेल्या फौजेला. तेव्हा स्लिम आणि स्नेलिंग यांनी कलकत्त्याच्या तागगिरण्यांकडे धाव घेतली. तागाच्या कापडाची छत्री तयार झाली. रेशमी छत्रीच्या मानाने तिची किंमत विसावा हिस्सादेखील नव्हती. माणसासाठी ती चालण्यासारखी नव्हती. पण पोते, पेटी, दारूगोळा खाली उतरवायला ती पुरेशी होती.

इथे मला क्षणभर थांबले पाहिजे. ज्या कलकत्त्यात या छत्र्या विणल्या गेल्या, त्याच कलकत्त्याच्या पदपथांवर १९४३ साली माणसे तांदळाच्या पेजेसाठी टाहो फोडून मरत होती. ब्रह्मदेश पडल्यावर तिथला तांदूळ यायचा थांबला. जपानी येतील या भीतीने सरकारने बंगालच्या किनाऱ्यावरचा तांदूळ उचलला, होड्या काढून घेतल्या. भाव कडाडले आणि सरकार वेळेवर हलले नाही. त्या दुष्काळात सुमारे ३० लक्ष माणसे गेली, असा अंदाज आहे. सैन्याच्या रसदीचे कौतुक करताना या दुसऱ्या हिशेबाकडे डोळेझाक करणे योग्य होणार नाही. फौजेचे पोट सांभाळण्याची अक्कल ज्या राजवटीला सुचली, तिला प्रजेचे पोट सांभाळण्याची सुचली नाही; आणि याचा दोष सेनापतीपेक्षा राज्यकर्त्यांच्या माथी अधिक आहे.

आता समोरच्या सेनापतीकडे वळू. जपानच्या पंधराव्या सैन्याचा प्रमुख रेन्या मुतागुची. १९३७ साली चीनमध्ये मार्को पोलो पुलाजवळ जी चकमक उडाली, तेव्हा तिथल्या जपानी रेजिमेंटचा प्रमुख हाच होता. सिंगापूरच्या लढाईतही तो होता. माणूस धाडसी आणि कमालीचा हट्टी. तीन डिव्हिजनी, सुमारे ८५ हजार माणसे घेऊन चिंदविन ओलांडायची आणि इम्फाळ, कोहिमा घ्यायचे, अशी त्याची योजना होती. शिपायाबरोबर तीन आठवड्यांचे अन्न. पुढचे अन्न इम्फाळला शत्रूच्या कोठारांतून मिळेल! चेंगीझखानाप्रमाणे हजारो गुरे बरोबर हाकत न्यायची, ती ओझीही वाहतील आणि खाताही येतील. ओबाता या त्याच्याच चीफ ऑफ स्टाफने रसदीचा प्रश्न काढून विरोध केला, तेव्हा ओबाताची उचलबांगडी झाली. ज्या दरबारात हिशेब मांडणाऱ्याला भित्रा ठरवितात, त्या दरबाराचे भवितव्य सांगायला ज्योतिषी लागत नाही.

फेब्रुवारी १९४४ मध्ये अराकानात जपान्यांनी नेहमीचा वळसा घालून सातव्या हिंदी डिव्हिजनची पिछाडी गाठली. या वेळी कुणी मागे सरले नाही. कारकून, आचारी, खेचरवालेसुद्धा बंदुका घेऊन उभे राहिले, विमानांनी अन्न आणि दारूगोळा टाकला, आणि तीन आठवड्यांच्या आत उपासमार झाली ती वेढा घालणाऱ्यांची. शत्रू आपल्या मागे असेल तर आपण वेढले गेलो असे न समजता तो वेढला गेला असे समजावे, ही स्लिमची शिकवण शिपायाला आता डोळ्यांनी दिसली.

मार्चमध्ये मुतागुची निघाला. स्लिमचा बेत असा की चिंदविनच्या काठी लढायचे नाही. आपल्या डिव्हिजनी इम्फाळच्या मैदानात मागे आणायच्या आणि शत्रूला त्याच्या अन्नापासून जितके दूर ओढता येईल तितके ओढायचे. बेत चांगला होता, तरी अंमलात चुका झाल्या. मागे येण्याचा हुकूम उशिरा सुटला. कोहिमावर फार तर एक रेजिमेंट येईल हा स्लिमचा अंदाज साफ चुकला; आली ती अख्खी डिव्हिजन. हे त्याने १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात आडपडदा न ठेवता मान्य केले आहे.

ही डिव्हिजन कोहिमाकडे जात असता वाटेत सांगशाक नावाचे नागांचे एक गाव लागते. तिथे ५०वी हिंदी पॅराशूट ब्रिगेड होती, आणि तिच्या जोडीला पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण. आपल्याकडे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांच्या इटलीतील पराक्रमाची गाथा घरोघर ठाऊक आहे, आणि ते योग्यच आहे. पण सांगशाकही आपल्या स्मरणात असावे. २२ ते २६ मार्च या दिवसांत त्या उघड्या टेकडीवर काटेरी तार नव्हती, पाणी तुटपुंजे होते, आणि विमानांनी टाकलेल्या सामानापैकी बरेचसे जपान्यांच्या हाती पडत होते. तरी ती टेकडी लढत राहिली. २६ तारखेच्या रात्री हुकूम आल्यावर वाचलेले लोक अंधारातून बाहेर पडले. टेकडी गेली, मग मिळविले काय? मिळविले चार-पाच दिवस. ज्या सेनेच्या पाठीवर तीन आठवड्यांचाच तांदूळ आहे, तिचे पाच दिवस खाणे म्हणजे तिचा पाव शिधा खाणे होय. शिवाय कोहिमाला आणि इम्फाळला तयारीस तेवढाच अवधी मिळाला.

त्याच आठवड्यात आणखी एक अपूर्व गोष्ट घडली. अराकानात गुंतलेली पाचवी हिंदी डिव्हिजन तोफा आणि खेचरांसकट विमानांत घालून इम्फाळ आणि दिमापूरला आणण्यात आली. चीनकडे माल नेणारी अमेरिकन विमाने माउंटबॅटनने यासाठी उसनी घेतली. कोहिमाच्या टेकडीवर ५ एप्रिलपासून सुमारे दोन आठवडे मूठभर पलटणी सातोच्या डिव्हिजनला अडवून राहिल्या. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्यापुढच्या टेनिसच्या मैदानाच्या एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते, अशी ती झुंज होती. दिमापूर तिथून फार दूर नव्हते आणि तिथे अकरा मैल लांब पसरलेली कोठारे होती. सातो कोहिमालाच चिकटून राहिला आणि ती कोठारे वाचली.

इकडे इम्फाळचा रस्ता तुटला होता, पण इम्फाळ उपाशी नव्हते. वेढ्याच्या काळात विमानांनी सुमारे १९ हजार टन सामान आणि १२ हजार माणसे आत आणली. जखमी व आजारी १३ हजार, आणि लढाईच्या कामाची नसलेली ४३ हजार माणसे बाहेर नेली. ज्यांना लढायचे नाही त्यांना बाहेर काढणे म्हणजे तितकी तोंडे कमी करणे. पानिपतावर फौजेबरोबर बायकामुलांचा आणि यात्रेकरूंचा किती मोठा मेळा अडकला होता, हे आठवले म्हणजे या आकड्याचे मोल कळते.

जपानी बाजूला गुरे नदीत आणि डोंगरांत केव्हाच संपली होती. सातो तांदूळ मागत होता, मुतागुची हुकूम पाठवीत होता. अखेर मेअखेरीस सातोने वरिष्ठांचा हुकूम मोडून माघार घेतली. जपानी सैन्यात हे अघटित होते. मुतागुचीने तिन्ही डिव्हिजनींचे प्रमुख बदलले. सातोवर खटला चालविण्याऐवजी त्याचे डोके फिरले आहे असे ठरवून प्रकरण मिटविण्यात आले. २२ जून १९४४ रोजी कोहिमाकडून आणि इम्फाळकडून येणाऱ्या तुकड्या १०९व्या मैलाच्या दगडाशी भेटल्या आणि रस्ता मोकळा झाला. परतीच्या वाटेवर भर पावसात जपानी शिपाई भुकेने आणि आमांशाने मरत गेले. त्या वाटेला त्यांनीच 'पांढऱ्या हाडांचा रस्ता' असे नाव दिले. ८५ हजारांपैकी सुमारे ३० हजार मेले; त्यांतले कितीतरी गोळी न लागता मेले.

याच वाटेवर आपलीही माणसे होती. नेताजींच्या आझाद हिंद सेनेच्या तुकड्या इम्फाळच्या स्वारीत उतरल्या होत्या. १४ एप्रिल रोजी मोइरांगला तिरंगा फडकला, आणि पालेलच्या विमानतळावर गांधी ब्रिगेडने हल्ला चढविला. म्हणजे टेकडीच्या दोन्ही अंगांना हिंदी शिपाईच होते. एकाने मिठाची शपथ पाळली, दुसऱ्याने मातृभूमीची हाक ऐकली. त्यांच्यात न्यायनिवाडा करायला मी उभा नाही. पण देशासाठी निघालेली ही माणसे मुतागुचीच्या हिशेबाला बळी पडली, याचे दुःख वाटल्यावाचून राहत नाही. त्यांच्या ध्येयाला नव्हे, त्यांच्या शिध्याला धनी नव्हता.

आता आपण असे विचाराल की, हा विजय सेनापतीचा की विमानांचा? साधनसंपत्ती दोस्तांकडे होती, मग त्यात स्लिमचे काय? शंका रास्त आहे. विमानांवाचून इम्फाळ टिकले नसते. परंतु अराकानच्या पहिल्या स्वारीतही साधने होती आणि ती वाया गेली. साधन हाती असणे निराळे आणि त्याभोवती युद्धाची आखणी करणे निराळे. पुढच्या वर्षी हे आणखी स्पष्ट झाले.

१९४५च्या आरंभी जपानी सेनापती किमुरा इरावतीच्या पलीकडे मंडालेभोवती वाट पाहत बसला. हे तेच मंडाले, जिथे लोकमान्यांनी १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षे बंदिवासात काढली. स्लिमने मंडालेच्या बाजूने नदी ओलांडायला सुरुवात केली आणि किमुराचे लक्ष तिकडे गुंतविले. दरम्यान एक अख्खे कोअर पश्चिमेच्या जंगलातून गुपचूप दक्षिणेकडे काढले. ते मूळ जागीच आहे असे भासविण्यासाठी खोटी बिनतारी संदेशवाहतूक चालू ठेवली. फेब्रुवारीच्या मध्यावर या कोअरने पगानजवळ इरावती ओलांडली आणि रणगाड्यांसह धाव घेतली ती मेक्तिलावर. मेक्तिलाच का? कारण तिथे जपानी सैन्याची कोठारे, विमानतळ आणि रस्त्यांचा सांधा होता. ३ मार्चपर्यंत मेक्तिला पडले, २० मार्चला मंडाले पडले, आणि ३ मे १९४५ रोजी समुद्रमार्गाने आलेली २६वी हिंदी डिव्हिजन रंगूनमध्ये शिरली. भुकेने आपला पराभव कसा होतो हे ज्याने १९४२ साली पाहिले, त्याने १९४५ साली घाव घातला तो शत्रूच्या पोटावर.

मंडळी, रणनीती म्हणजे नकाशावर लाल-निळे बाण काढण्याची कला, अशी आपली समजूत असते. त्या प्रत्येक बाणाच्या टोकाला माणसे असतात आणि त्यांना दिवसातून दोन वेळा भूक लागते. मुतागुचीचा बाण नकाशावर मोठा डौलदार होता. त्याने आपल्या शिपायांच्या शौर्याला गृहीत धरले आणि अन्नाला दैवावर सोडले. स्लिमने उलट केले : अन्न, औषध आणि रस्ता यांची तजवीज आधी केली, आणि मग शिपायाजवळ शौर्य मागितले. शिपायानेही ते कुचराई न करता दिले, कारण आपला सेनापती आपले प्राण उधळणार नाही असा त्याला भरवसा वाटत होता.

म्हणून कुठल्याही सेनापतीची थोरवी ऐकाल तेव्हा एवढेच विचारा : याची माणसे जेवली होती का, आजारी पडली तेव्हा त्यांना कुणी उचलले का, आणि हिशेब मांडणाऱ्याचे याने ऐकले का? सांगशाकच्या टेकडीवर जे मराठे पडले, त्यांच्या आईबापांना हे विचारण्याचा अधिकार होता. आपल्यालाही तो आहे, आणि तो केवळ युद्धापुरता नाही.